कोऱ्या पाटीवरची बोट

देवमाशाचा फोटो काढायचा म्हणजे शेपटीचा काढायचा. त्याच्या तोंडाला कोणी विचारत नाही. हंपबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला देवमासा, खोल बुडी मारण्याआधी शेपूट उभं वर काढतो आणि शेपटीची खालची बाजू जेमतेम तीन सेकंद दिसते. काळ्यावर पांढरे डाग, ओरखडे, कडेला जुने चावे. दोघांचं कधीच सारखं नसतं. ही गोष्ट घडली तेव्हा मी एकोणीस वर्षं हे तीन-तीन सेकंद गोळा करत होते. माझ्या नोंदवहीत एकशे अठरा शेपट्या आहेत. लग्नात भेटलेल्या नातेवाइकांची नावं मला आठवत नाहीत आणि त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण शेपूट पाहिलं की नंबर तोंडात येतो.

जगातले बाकीचे हंपबॅक दरवर्षी हजारो मैल ये-जा करतात. अरबी समुद्रातले तेवढे कुठेच जात नाहीत. कोकणात जन्मून मुंबईला न गेलेले बहुधा एवढेच. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं समुद्रात बुडालेलं पठार आहे, तिथे ते हिवाळाभर असतात. नर गातात. तेच गाणं, त्याच ओळी, तासन्‌तास.

ते सापडायचे मात्र जगूकाकांमुळे. जगन्नाथ तारी, तेव्हा वय सत्तर, आमच्या बोटीचे तांडेल, म्हणजे ती हाकणारे. मोटर बंद करायची, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि मुठीला कान लावायचा. लाकूड पाण्यातला आवाज वर आणतं. आमच्याकडचे जुने लोक घोळ माशांचे थवे असेच शोधायचे. २०४१ साली हे करणारे काका एकटे उरले होते. ते डोळे मिटून बसत आणि मग हाताने दिशा दाखवत. त्या दिशेला अर्ध्या तासात फवारा दिसला नाही, असं अकरा वर्षांत चार-पाच वेळाच झालं असेल. त्यांच्या या कानासाठीच मी त्यांच्या बोटीवर जात होते. एरवी आमच्या जुवाटकरांच्या घरातल्या माणसाने तारींच्या बोटीवर पाय ठेवणं शक्य नव्हतं. ते का, ते सांगते, पण आधी यंत्राचं सांगायला हवं.

यंत्र नझमा मुकादमचं. ती रत्नागिरीची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केलेली आणि बोट लागणारी. बोटीवर चढली की पहिला तासभर ती शास्त्रज्ञ नसायची. तिने आणलेली वस्तू ताडपत्रीच्या घडीसारखी दिसे. उलगडली की दोन मीटर लांब-रुंद काळी पाटी, तिच्यात चार हजार बारीक कान. ती बोटीखाली आठ मीटरवर सोडायची.

"ताई, तुमच्या कॅमेऱ्याला उजेड लागतो," नझमाने मला समजावलं होतं. "वस्तूवर पडून परत आलेला उजेड आपण पकडतो, त्याचा फोटो होतो. समुद्रात उजेड दहा-वीस मीटरमध्ये संपतो. आवाज मात्र मैलोन्‌मैल जातो. देवमासा गातो तेव्हा त्याचं गाणं तळावर, माशांवर, आपल्या बोटीवर आपटून परत येतं. चार हजार कानांना ते क्षणाच्या बारीकशा फरकाने ऐकू येतं. त्या फरकांवरून यंत्र ठरवतं, आवाज कुठे आपटला. तोच फोटो. आपण काहीच पाठवत नाही. दिवा त्याचा, आपण फक्त बघायचं."

"आणि किती बारीक दिसतं?"

"एका वितीपर्यंत. त्याहून लहान असेल ते दिसत नाही. पण एक गंमत आहे. मांसात पाणीच जास्त, म्हणून आवाज मांसातून आरपार जातो. तो अडतो हाडावर आणि हवेवर. हवा तर सगळ्यात जास्त चमकते. कुठल्याही श्वास घेणाऱ्या प्राण्याची फुप्फुसं यात दिव्यासारखी दिसतात."

एक शिस्त मात्र पाळावी लागे. देवमासा जवळपास गात नसताना आधी दहा मिनिटं नुसत्या समुद्राचा आवाज घ्यायचा. लाटा, तळाच्या कोळंब्यांची कुरकुर, सगळं. याला आम्ही 'कोरी' घेणं म्हणायचो. नंतरच्या प्रत्येक फोटोतून यंत्र ही कोरी वजा करतं, म्हणजे फक्त कामाचं उरतं.

जानेवारीतल्या त्या पहिल्या सकाळी नझमा डोकं धरून पडली होती, म्हणून कोरी घ्यायला मी बसले. काका वल्ह्याला कान लावून होते.

"ऱ्हव गो," ते म्हणाले. "तो गाता हा. लांब आसा, पण गाता हा."

मी पडद्याकडे पाहिलं. आवाजाची पट्टी शून्यावर होती. "काका, यंत्रार काय दिसना नाय."

"यंत्राक नसात दिसत. माका आयकूक येता."

"दहा मिनिटांचो प्रश्न आसा," म्हणत मी बटण दाबलं. कोळंब्यांच्या कुरकुरीने वैताग येऊ नये म्हणून पट्टीची संवेदनशीलता मीच आदल्या दिवशी खाली आणून ठेवली होती, हे माझ्या लक्षातही नव्हतं. अकरा वर्षं मी ज्या कानाच्या गोष्टी लोकांना कौतुकाने सांगायची, त्या कानापेक्षा मला त्या सकाळी पट्टी खरी वाटली.

तासाभराने गाणारा जवळ आला. शेपटी क्रमांक ३१, आमचा भटजी. हे नाव मीच ठेवलं, कारण हा तेच ते न चुकता म्हणत बसतो. त्याच्या आणि पाटीच्या मधून एक मादी सावकाश गेली, आणि पडद्यावर चित्र उमटलं.

पहिल्यांदा मला कळलंच नाही मी काय बघते आहे. मग बरगड्या दिसल्या. कमानीमागे कमान, देवळाच्या मंडपासारख्या, आणि त्यांच्यात दोन लांबट पांढरेशुभ्र झोत. फुप्फुसं. आमच्या बोटीहून मोठा प्राणी आरपार दिसत होता. आणि पोटाच्या मागच्या भागात, अंग मुडपून, आणखी एक बरगड्यांची रांग होती. तिच्यापुढे इवलीशी, फणीच्या दातांसारखी. तिच्यात उजेड नव्हता. त्याने अजून श्वास घेतलेला नव्हता.

नझमा उलटी विसरून उठून बसली. जगूकाकांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मी रडत होते आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. इतकी वर्षं मी यांच्या शेपट्या मोजत होते, म्हणजे घराच्या दारावरच्या पाट्या वाचत होते. आज कोणीतरी दार उघडलं होतं.

फक्त एकच खोट होती. प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात एक डाग येत होता. भिंगावर बोटाचा ठसा राहावा तसा. मला अशा डागांची मनापासून चीड आहे.

तीन आठवड्यांनी नझमा विजयदुर्गच्या धक्क्यावर आली ती टॅब्लेट छातीशी धरून. काका बाजूला बसून वल्ह्याला तेल लावत होते.

"ताई, कोरी घेताना भटजी गात होता."

"काका म्हणत होते," मी कबूल केलं. "चूक माझी."

"असू दे ती चूक. ऐका. डाग कोरीतून आलाय. कोरीत त्याचं लांबून येणारं गाणं होतं. म्हणून मी त्या गाण्यातून एकेक गोष्ट काढत गेले. तळ काढला, पाण्याचा पृष्ठभाग काढला, आपली बोट काढली. परत येणारा प्रत्येक आवाज काढला. डाग जाईना. शेवटी कळलं की हा प्रतिध्वनी बाहेरून येतच नाहीये. तो त्याच्या गळ्यातून येतोय."

"म्हणजे?"

"पोपट कुकरच्या शिट्टीची नक्कल करतो ना? तसा हा प्रतिध्वनीची नक्कल करतोय. कधीतरी त्याचा आवाज कशावर तरी आपटून परत आला. परत आलेला आवाज त्याने लक्षात ठेवला, आणि आता तोच म्हणतोय. आपल्या यंत्रात घातला की त्याचं चित्र होतं." ती माझ्या शेजारी टेकली. "ताई, तुम्ही एकोणीस वर्षं त्यांचे फोटो काढताय. त्यांच्याकडेही फोटो आहेत."

तिने टॅब्लेट पुढे केला. डाग आता स्पष्ट झाला होता. ती बोट होती, पाण्याखालून पाहिलेली. लाकडी, रुंद पोटाची, जुन्या घडणीची. तळाच्या डाव्या अंगाला दोन हात लांबीची एक जादा फळी होती. उजव्या अंगाला काही नव्हतं.

काकांनी वल्हं बाजूला ठेवलं.

"लंगडी," ते म्हणाले.

मलाही एव्हाना ते दिसलं होतं. माझ्या वडिलांची बोट डोलायची म्हणून त्यांनी तिच्या तळाला फळी ठोकली होती, आणि लाकूड पुरलं नाही म्हणून एकाच बाजूला. सगळी वाडी तिला लंगडी म्हणून चिडवायची. अशी बोट किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

"ही ओळ जुनी आहे," नझमा सांगत होती. तिला आमच्यातलं काही माहीत नव्हतं. "मी ओमानपर्यंतची जुनी ध्वनिमुद्रणं तपासली. २००९ पर्यंत एकातही नाही. २०१० पासून प्रत्येक नर ती गातो. एकाची दुसऱ्याने उचललेली. आणि हे एकच चित्र नाही, ताई. ओळीत चौदा तुकडे आहेत. चौदा चित्रं असतील, एकामागून एक. बाकीची काढायची तर जवळून घेतलेलं स्वच्छ गाणं हवं."

२००९ च्या नोव्हेंबरात माझे वडील, मोरेश्वर जुवाटकर, आणि जगूकाका दोघेच लंगडी घेऊन गेले होते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. वादळ आलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका ट्रॉलरने लंगडी ओढत आणली. तिच्यात काका एकटे होते आणि कठड्याला बांधलेला अडीच हात दोर. काका म्हणाले, प्रोपेलरमध्ये जाळं गुंतलं, मोरू कमरेला दोर बांधून ते सोडवायला खाली उतरला आणि दोर तुटला. पण दोराचं टोक साफ होतं, सुरीने कापावं तसं. वाडी म्हणाली, जगूने जीव वाचवायला दोर कापला. काकांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. आईने तो तुकडा स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगला. बत्तीस वर्षं तो तिथेच होता. मी काकांच्या बोटीवर जायला लागले तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "जा. माका सांगा नको."

यावेळी मला सांगावं लागलं. ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. तिने मान वर केली नाही.

"दोर दिसतलो?" तिने विचारलं.

"कदाचित. बारीक आसा तो. पण कोण खंय होतो ता दिसतला."

तिने हातातलं सुंगट सोलून संपवलं. मग म्हणाली, "मगे बघ."

मला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. दोर कापला असेल, तर मी अकरा वर्षं वडिलांना मारणाऱ्या माणसाच्या डब्यातली भाकरी खाल्ली. कापला नसेल, तर माझ्या आईने एका निरपराध माणसाला बत्तीस वर्षं वाळीत टाकलं. आणि हे कळायला काकांशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण भटजीला शोधणारा कान त्यांचाच.

काका येणार नाहीत अशी माझी जवळजवळ खात्री होती. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, आमच्या अंगणाच्या बाहेर उभे राहिले.

"येतलंय मी," ते म्हणाले. "पण जा काय दिसतला ता तुझ्या आवशीक सांगूचा. काय एक लपवचा नाय. माझ्यासाठी पण नाय."

आम्ही पहाटे निघालो आणि दहाच्या सुमाराला पठारावर पोचलो. समुद्र सपाट होता. काकांनी वल्हं सोडलं, कान लावला. "आता घे कोरी," ते म्हणाले. मी पडद्याकडे न बघता बटण दाबलं. दहा मिनिटांनी त्यांनी बोट उचललं. "इलो."

भटजी आमच्याखाली येऊन थांबला. डोकं खाली, अंग तिरकं, गाणारे नर थांबतात तसा. त्याचा आवाज बोटीच्या तळातून माझ्या पायांत चढत होता. नझमाने ओळ पकडली. पडद्यावर एकेक चित्र उमटू लागलं.

पहिलं, लंगडी. दुसऱ्यात तिच्या मागच्या टोकाला एक गोळा, गुंतलेलं जाळं, आणि त्याच्यापाशी शेजारी शेजारी दोन पांढरे ठिपके.

"हे काय?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"माणूस," नझमा हळूच म्हणाली. "हाडं इतकी बारीक आहेत की दिसत नाहीत. छातीतली हवा तेवढी दिसते."

माझे वडील. ज्यांचा आवाज मला आता आठवत नाही, त्यांनी बत्तीस वर्षांपूर्वी छातीत भरून घेतलेला श्वास माझ्यासमोर उजळला होता. मी पडद्यावर हात ठेवला. दोर कुठे दिसत नव्हता. तो वितीहून फारच बारीक होता.

तिसरं तसंच. चौथ्या चित्रात ठिपक्यांच्या दोन जोड्या होत्या.

मी मोजलं. पुन्हा मोजलं. "दोघे?" मी म्हणाले. "पाण्यात दोघे होते?"

पाचव्यात दोन्ही जोड्या एकमेकींना चिकटलेल्या. सहाव्यात तशाच, पण एक फिकट झालेली. सातव्यात ती फिकट जोडी वर, बोटीपाशी. दुसरी अजून जाळ्यात.

मी वळले. काका पडद्याकडे बघत नव्हते. त्यांनी वल्हं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"काका, तुमी बोटीर होतास म्हणान सांगलास."

"दोर वडलंय तो तुटकोच हातात इलो," ते म्हणाले. "प्रोपेलराच्या पात्यार घासलेलो. मी उडी मारलंय. मोरू जाळ्यात अडाकलेलो. तेचो हात धरलंय. वडलंय, वडलंय. मगे माझो श्वास संपलो. हात सुटलो, असा मी माझ्या मनाक आजपर्यंत सांगत इलंय. सुटलो नाय, हेमू. सोडलंय मी. वर येवन सुरी घेतलंय, परत बघतंय तर बोट वाऱ्यार सुटलेली. मोरू खंय नाय."

"ह्या कोणाक सांगलास कित्या नाय?"

"लोकांनी म्हटल्यानी दोर कापलो. म्हणा म्हटलंय. ता आयकूक सोपा होता." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तेना माझो हात धरलेलो, गो. घट्ट धरलेलो."

राग आला होता, खोटं का सांगू? त्यांच्या एका श्वासाचा राग. आणि त्याच वेळी त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवावासा वाटत होता. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही, कारण नझमाने माझा दंड धरला होता.

"ताई, ओळ संपलेली नाही."

आठव्या चित्रात जाळ्याच्या गोळ्यापाशी कोणीच नव्हतं. बोट दूर सरकली होती. आणि मोकळ्या पाण्यात, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ती जोडी होती. लख्ख. नवा श्वास घेतलेली.

"जितो होतो?" काका उठून उभे राहिले. "मोरू सुटलेलो?"

नवव्या चित्रात जोडी खाली आली होती. दहाव्यात तिच्याखाली दोन प्रचंड लांबट झोत उमटले होते. मी ते ओळखले. तीन आठवड्यांपूर्वी बरगड्यांच्या कमानीत पाहिले होते तसेच. दुसरा देवमासा, गाणाऱ्याच्या समोर. अकराव्यात ते झोत वर आले होते आणि ठिपके त्यांच्यावर होते, पुन्हा पृष्ठभागाशी. बाराव्यात तसंच. बोट आता कोपऱ्यात पुसट रेघ होती. तेराव्यात बोट नव्हती. वर दोन ठिपके, खाली दोन झोत.

नझमा तोंडावर हात धरून बघत होती. "उचलून धरलंय," ती म्हणाली. "श्वास घेता यावा म्हणून. आपल्या पिलाला धरतात तसं."

चौदाव्या चित्रात ठिपके नव्हते. झोत तिथेच होते, पृष्ठभागाला टेकलेले. विझलेल्या माणसालाही त्या देवमाशाने पाठीवरून खाली टाकलं नव्हतं.

समुद्रात मी पुष्कळ काही पाहिलं आहे. पण त्या दुपारी मला जे वाटलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. आमच्या वाडीने काकांना टाकलं आणि त्यांच्याबद्दलचा एक शब्द बत्तीस वर्षांत बदलला नव्हता, आणि या प्राण्यांनी, आमच्या कोणी नसलेल्यांनी, एका अनोळखी माणसाचे शेवटचे श्वास मोजून जपून ठेवले होते. बापाने मुलाला शिकवावं तसे एकमेकांना शिकवले होते. ते का, हे नझमाला माहीत नाही, मलाही नाही. काका खाली बसले आणि त्यांनी कपाळ वल्ह्याच्या मुठीवर टेकवलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. चौदाच्या चौदा चित्रं, आणि काकांचा सोडलेला हातही. काही लपवलं नाही. तिने टॅब्लेट घेतला आणि शेवटची चार चित्रं पुन्हा पुन्हा बघितली. ठिपक्यांवर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्यो तो?"

"हो."

"आणि ह्या खालचा?"

"देवमासो. मादी आसतली."

आईचा चेहरा मी तेव्हा त्रेचाळीस वर्षं बघत होते. तो असा सैल पडलेला मी पाहिला नव्हता.

"एकलो नाय होतो मगे," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की बत्तीस वर्षं तिला छळत होतं ते वेगळंच होतं. दोराची गोष्ट ती नुसती टांगून ठेवत होती.

चार दिवसांनी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर दारामागचा खिळा रिकामा होता. धक्क्यावर धावत गेले. काका बोटीत होते, आई धक्क्यावर उभी. तिने पदरातून दोराचा तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"ह्यो तुमच्या हातातलो आसा, भावजी," ती म्हणाली. "माझ्याकडे रवलेलो."

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. भावजी हा शब्द तिच्या तोंडून मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला.

"माका थय व्हरा," आई खोल समुद्राकडे हात करून म्हणाली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. नझमाचा शोधनिबंध जगभर गेला. वडिलांचं नाव घालायचं की नाही हे तिने आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "घाल. दुसऱ्यांचे पण सापडतले." तसंच झालं. आता वेरावळहून, केरळातून, ओमानमधून फोन येतात. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा. सगळ्यांची ओळ सापडत नाही. पण किनाऱ्यावरची माणसं आता वल्ही घेऊन बसतात, आणि काकांनी मरेपर्यंत ते शिकवलं, विचारायला येईल त्याला. मी अजून शेपट्यांचे फोटो काढते. फक्त आता कॅमेरा उचलण्याआधी मी मनात नमस्कार घालते, कारण कोण कोणाचा फोटो काढतंय याची मला खात्री उरलेली नाही.

पण मला त्या दिवसाचं सांगायचं आहे. आई समुद्रात कधीच इतकी लांब आली नव्हती. पठारावर पोचल्यावर काकांनी मोटर बंद केली, वल्हं पाण्यात सोडलं, ऐकलं, आणि मग मूठ आईपुढे केली. तिने पदर मागे घेऊन कान लावला. भटजी गात होता. ती एका हाताची बोटं मुडपत मोजत होती. मी सांगितलेली चौदा चित्रं तिने पाठ केली होती. बाराव्याला तिने डोळे मिटले. चौदाव्यानंतर मी वल्हं घ्यायला हात पुढे केला.

आईने ते सोडलं नाही.

"थांब," ती म्हणाली. "परत पयल्यापासून म्हणता हा."

मग ती ऐकत बसली, आणि काकांनी दुपार कलेपर्यंत मोटर चालू केली नाही.